खुर्चीच्या पोटाखाली

टेम्पो आला की आधी वास येतो,
जुन्या पॉलिशचा, शाईचा, कुणाच्या तरी तंबाखूचा.
मग ढवळे सर मोठ्यानं मोजतात, एकवीस, बावीस,
"हा लॉट लेखा शाखेचा. पंचेचाळीस दिवसांत द्यायचा."
इरण्णा विचारतो, "मागच्याचे पैसे, सर?"
सरांच्या हातातल्या किल्ल्या वाजतात.
तेच उत्तर.

अशोक चौकाच्या मागं आमची शेड,
भिंतीपलीकडं यंत्रमाग.
दिवसभर खटखट, टॉवेल होत राहतात.
वीज गेली की पलीकडं शिव्या सुरू होतात
आणि अलीकडं आम्हाला
एकमेकांची बोटं ऐकू येतात.

वेत रात्री भिजत घालायचा.
कोरडा मोडतो, फार भिजला तर पुढं ढिला पडतो.
उभा, आडवा, परत उभा, परत आडवा,
शेवटी दोन तिरपे.
बोटाच्या टोकाला अष्टकोन लागला
की समजायचं, जमलं.
बहात्तर भोकं. एक चुकलं
तर ते विसाव्या भोकाला कळतं
आणि उसवायचं पहिल्यापासून.

खुर्ची माणूस सांगते.
हा डावीकडं कलून बसतो, पाकीट उजव्या खिशात.
ही बाई पुढच्या कडेवर टेकते, घरी जायची घाई.
हा सारखा उठतो, साहेबाची घंटा जवळ असणार.
आणि ही एक,
मधोमध खोल खड्डा, कडा करकरीत नव्या.
"हा उठतच नाही गं, मल्लव्वा," मी म्हटलं.
ती म्हणाली, "मग आपलं बिल ह्याच्याच टेबलावर असणार."

अकरा महिने.
पहिल्यांदा सही नव्हती.
मग सही होती, शिक्का नव्हता.
मग आमच्या नावातला 'अंध' काढून 'दिव्यांग' लिहा म्हणाले,
पाटी बदलली, लेटरहेड बदललं, रबरी शिक्का बदलला,
खुर्चीमागचा दर तेवढा
जुन्या नावानंच राहिला.
आता म्हणे पुढच्या वर्षापासून निविदा ऑनलाइन,
आणि फोमच्या खुर्च्यांचा नमुना मंजूर झालाय.
शब्बीरनं एकदा दुकानात बसून पाहिली.
"मऊ आहे," तो म्हणाला. "घाम येतो."
आणि बराच वेळ काही बोलला नाही.

ती खुर्ची माझ्या वाट्याला आली.
दाभण हातात होतं. खोटं कशाला बोलू,
वेताची एक फांस वर ठेवायची, एवढंच होतं.
धोतरवाला असता तरी कळलं असतं त्याला.
पण बोटं ऐकेनात.
त्यांनी ती फांस स्वतःहून चाचपली, दाबली,
आत वळवली.

मग मी खुर्ची उलटी केली.
वडिलांनी शिकवलेली विणकराची गाठ,
मागावर तुटलेला धागा जोडायची,
चिमटीत मावणारी, बारीक, घट्ट.
दृष्टी गेली त्या वर्षी
त्यांनी माझ्या मांडीवर सुताचं भेंडोळं ठेवलं होतं
आणि पावसाळाभर काही बोलले नव्हते.
तीच गाठ मारली, खुर्चीच्या पोटाखाली, मागच्या कडेला.
दोन ठिपके. मग तिरपे दोन. मग उभे तीन.
ब. इकार. ल.
सात गाठी.
कुणाला वाचता येणार नव्हत्या,
म्हणूनच मारल्या.

दिवाळी गेली, गड्ड्याची जत्रा झाली,
आणि खुर्ची परत आली.
जाळी शाबूत. एक पाय निखळलेला,
म्हणून सुतारकामाच्या यादीत.
मी खाली हात घातला.
गाठी होत्या.
फक्त गुळगुळीत झालेल्या, नाण्यासारख्या,
जसं कुणी रोज, फाइल समोर उघडी ठेवून,
खाली हात नेऊन
एकेक चाचपत बसावं,
हे काय आहे ते न कळता.

मल्लव्वाला दाखवलं. तिनं दोनदा वाचलं.
"शिकतोय की काय?" म्हणाली, आणि हसायला लागली,
इतकी की वेताची बादली सांडली.

बिलाचं विचाराल तर
परवा पत्र आलंय.
ढवळे सरांनी वाचून दाखवलं,
तिसऱ्या प्रतीत त्रुटी आहे.